अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा चकवा : मामाच्या जुन्या गेम-सीडीचं एक प्रकरण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक फारसं नसतं. दारव्ह्याला बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. पुढच्या बाजूला झेरॉक्स, सातबारा, पीक विम्याचे फॉर्म. मागच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि प्रिंटरची दुरुस्ती. बाहेर लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी बोजारा मागत फिरत होती. त्या गलक्यातून बारावी झालेला एक मुलगा लॅपटॉपची बॅग छातीशी धरून आत आला आणि टेबलावर एक बिस्किटाचा डबा ठेवला. डब्यात बिस्किटं नव्हती, सीड्या होत्या.

“दादा, सीडी तं घुसते, पण गेम येऊनच नाही रायला.”

लॅपटॉप सेकंडहँड, विंडोज १०, ६४ बिटचा. त्यात सीडी ड्राइव्ह नव्हताच. गावातल्या शाळेच्या एका सरांकडून यूएसबीवर चालणारा पातळ डीव्हीडी ड्राइव्ह त्यानं मागून आणला होता. डब्यात तीन गेम होते, तिन्ही ओरिजिनल, छापील कव्हर आणि सीरियल नंबरच्या चिठ्ठीसकट. मामानं नागपूरला इंजिनिअरिंग करताना बर्डीवरून घेतलेले. सीताबर्डीच्या त्याच रस्त्यावर तेव्हा तीस-चाळीस रुपयांत नकली सीडी मिळायची आणि मामा मात्र मेसचे पैसे वाचवून खरी सीडी घ्यायचा. मित्र त्याला हसायचे, हे मला नंतर मामानंच फोनवर सांगितलं.

मुलाला त्यातला एकच गेम हवा होता. २००५ च्या सुमाराचा, गाड्यांच्या शर्यतीचा, दोन सीड्यांचा. नाव लिहीत नाही, कारण असं दुखणं त्या काळच्या शेकडो गेमना आहे.

माझ्याकडे येण्याआधी या सीड्यांवर तीन उपचार होऊन गेले होते. एक, सरळ इन्स्टॉल करून पाहिलं. दुसऱ्या सीडीवर साठ टक्क्यांच्या आसपास अडकलं आणि ‘डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असं आलं, म्हणजे सीडी नीट वाचता येत नाही. दोन, मित्रानं दोन्ही सीड्या पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून दिल्या. सेटअप सुरू झाला, पण दुसरी सीडी मागायला लागला आणि पेनड्राइव्हवरचं फोल्डर दाखवलं तरी ओळखेना. तीन, एका दुकानदारानं ‘व्हायरस आहे’ म्हणून लॅपटॉप फॉरमॅट करून तीनशे रुपये घेतले. त्यानं काहीच फरक पडला नाही. घरी आईनं सीडीला टूथपेस्टही लावून पाहिली होती, तो चौथा उपचार धरायचा तर धरा.

‘इन्स्टॉल होत नाही’ या तक्रारीचे पोटात तीन प्रकार असतात. सेटअप उघडतच नाही, हा पहिला. उघडतो पण फाइली उतरवताना मध्येच मरतो, हा दुसरा. आणि सगळं नीट बसतं, पण आयकॉनवर क्लिक केल्यावर गेम सुरू होत नाही, हा तिसरा. गिऱ्हाइकाच्या लेखी तिन्ही एकच, कारण शेवटी गाडी काही रस्त्यावर येत नाही. दुरुस्त करणाऱ्यानं मात्र पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो की बाबा, नक्की कुठे थांबतं? मी तो विचारला नाही. साठ टक्के ऐकलं आणि सीडी खराब म्हणून मोकळा झालो.

पहिला बिघाड, जो खरा होता

दुसऱ्या सीडीवर बोटांचे ठसे होते, एक केसाएवढी रेघ होती आणि टूथपेस्टचा पांढरा थर काठाला वाळलेला होता. साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती फडक्यानं मधून काठाकडे सरळ पुसली. गोल फिरवून पुसायची नाही. सीडीवरची माहिती गोल वाटेनं लिहिलेली असते. त्या वाटेला आडवी रेघ गेली तर थोडाच भाग जातो आणि सीडीतली दुरुस्तीची सोय तो भरून काढते, पण वाटेच्या बाजूनं लांब ओरखडा गेला तर सलग मजकूर जातो. टूथपेस्टनं चमकत्या बाजूचे उथळ ओरखडे थोडे घासून निघतात हे खरं. पण लोक ज्या बाजूला बिनधास्त पेननं नावं लिहितात, त्या छापील बाजूला माहितीचा थर अगदी वरच, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. तिथे खरचटलं तर कुठलीच पेस्ट उपयोगाची नाही.

पुसूनही साठ टक्क्यांवरच अडकलं. मग कान लावून ऐकलं. ड्राइव्ह जोरात फिरायला लागायचा, टक-टक करून मंदावायचा, पुन्हा जोर धरायचा. लॅपटॉप बॅटरीवर आणि ड्राइव्ह एकाच यूएसबी पोर्टवर. यूएसबी २.० च्या पोर्टनं नियमाप्रमाणे ५०० मिलिअ‍ॅम्पिअर द्यायचे असतात. पातळ ड्राइव्हला वेग घेताना त्याहून जास्त लागतात. जुन्या लॅपटॉपचा पोर्ट तर तेवढेही धड देत नाही. वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब मध्ये घातला आणि दुसरी सीडी शंभर टक्क्यांपर्यंत सुरळीत गेली.

मुलानं समोरच्या हॉटेलातून दोन कट चहा सांगितले. मी फुशारकीनं आयकॉनवर डबल क्लिक केलं.

चकवा

पडद्यावर छोटी चौकट आली. इंग्रजीत लिहिलं होतं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांनी लॉग इन करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

आमच्याकडे म्हणतात, चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि उजाडल्यावर पाहतो तर त्याच धुऱ्यावर उभा. माझं तसंच झालं. चौकटीत लिहिलंय तेच खरं धरून दोन तास घालवले. राइट क्लिक करून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं. कम्पॅटिबिलिटीत एक्सपी निवडलं. यूएसी, म्हणजे दर वेळी परवानगी विचारणारी विंडोजची सोय, खाली आणलं. विंडोजचं लपलेलं मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं जागं करून त्यातून गेलो. गेम काढून प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सरळ सी ड्राइव्हवर पुन्हा बसवला. अँटिव्हायरस बंद केला. दर वेळी तीच चौकट, तेच शब्द.

“दादा, तुमी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नाही का मंग?” मुलानं निरागसपणे विचारलं.

शेवटची एसटी निघायची वेळ झाली, तो गेला. सीड्या आणि लॅपटॉप ठेवून घेतले.

त्या रात्री नऊपर्यंत लाइन नव्हती. आल्यावर एक वेगळंच काम करायला घेतलं. सीडी वीस वर्षं जुनी. विदर्भातले वीस उन्हाळे तिनं पत्र्याच्या डब्यात काढलेले. आणखी बिघडण्याआधी दोन्हींची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत, काढून ठेवावी म्हणून दुकानातल्या डेस्कटॉपच्या आतल्या ड्राइव्हमध्ये घातली आणि इमगबर्न हा त्यासाठीचा प्रोग्रॅम लावला. हा उलगडा काही मी हुशारीनं केला नाही. बॅकअप घेताना आपोआप समोर आला.

दुसरी सीडी, जिच्यावर रेघ होती, ती एकही चूक न होता वाचली गेली. पहिली सीडी आरशासारखी स्वच्छ, आणि तिच्यात सुरुवातीलाच चुकांची रांग लागली. सेक्टर म्हणजे सीडीवरचा माहितीचा छोटा कप्पा. चुका साधारण ८०० व्या सेक्टरनंतर सुरू झाल्या, १०,००० च्या आसपास थांबल्या आणि त्याच्यापुढे शेवटपर्यंत एकही नाही.

इथे थोडा हिशेब केला. सीडी आतून बाहेर वाचली जाते, सेकंदाला ७५ सेक्टर या मूळ वेगानं; ७४ मिनिटांच्या सीडीवर ३,३३,००० सेक्टर बसतात. पहिले १०,००० सेक्टर म्हणजे जेमतेम सव्वादोन मिनिटं, २० एमबीच्या आसपासचा मजकूर. सीडीवर मोजायचं तर मधल्या भोकाच्या बाजूचा, माहिती सुरू होते तिथला दीड-दोन मिलिमीटरचा पट्टा. हाताळताना बोटं लागतात काठाला. ओरखडे पडतात आडवेतिडवे. कुठलाही ओरखडा इतका शिस्तीचा नसतो, की भोकाभोवती दोन मिलिमीटर खराब करील आणि पुढच्या तीन लाख सेक्टरना हात लावणार नाही. ती जागा खराब झालेली नव्हती, ती खराब करून पाठवलेली होती.

मग सीडीतल्या फाइलींची यादी उघडली. त्यात ‘00000001’ सारख्या शून्यांच्या माळेची, शेवटी एक असलेली एक टीएमपी फाइल होती. जुन्या लोकांना एवढं पुरे. सेफडिस्क.

डाग दिलेला बैल

सेफडिस्क हे मॅक्रोव्हिजन कंपनीचं सीडीची नक्कल रोखणारं कुलूप. १९९८ पासून पुढची दहाएक वर्षं पीसी गेमवर ते सर्रास असायचं. त्याची युक्ती मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितली ती पोळ्याच्या भाषेत. जनावराला डाग देतात, तो डाग म्हणजे खरं तर जखम. पण बाजारात चोरीला गेलेला बैल ओळखायचा तो त्या जखमेवरूनच. डाग नसलेला बैल कितीही देखणा असला तरी तो आपला नव्हे.

सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. त्यातले २,०४८ आपल्या मजकुराचे, उरलेले पत्ता आणि चूक पकडण्या-सुधारण्याच्या आकड्यांचे. कारखान्यात सीडी छापतानाच ठरावीक सेक्टरमध्ये हे तपासणीचे आकडे मुद्दाम चुकीचे घालतात. ड्राइव्ह तिथे पोचला की ‘वाचता येत नाही’ म्हणतो. गेम सुरू होताना नेमकं तिथेच वाचायला सांगतो आणि चूक आली की खूश होतो, कारण ही खरी सीडी. घरी नक्कल करायला गेलं तर साधा प्रोग्रॅम एकतर त्या जागी अडकतो, नाहीतर आकडे नव्यानं बरोबर मांडून टाकतो. म्हणजे नक्कल खऱ्यापेक्षा शुद्ध निघते आणि त्या शुद्धपणावरूनच पकडली जाते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये आणखी एक कावा आला: बिटांचे असे नमुने घालायचे जे कारखान्याचं यंत्र नीट छापतं, पण त्या काळच्या बऱ्याच सीडी रायटरना लिहिताना तोल सांभाळता येत नव्हता. त्यांना कमकुवत सेक्टर म्हणायचे.

पेनड्राइव्हचा उपचार का फसला हे यातून कळतं. कॉपी-पेस्टमध्ये फाइली येतात, डाग येत नाही. त्यात सेटअपला सीडीचं नाव आणि ड्राइव्ह हवा असतो, तो वेगळाच अडथळा. तिथे कसंबसं निभावलं असतं तरी गेम उघडताना ‘योग्य सीडी घाला’ म्हणून अडला असता.

पण आमच्याकडे तर डागासकट खरा बैल होता. तो का ओळखला जाईना?

कारण ओळखणारा गडीच काढून टाकलेला. सेफडिस्क हे काम एकट्या गेमकडून करून घेत नसे. विंडोजच्या गाभ्यात बसणारा एक ड्रायव्हर, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्रॅम, त्यासाठी लागे, त्याचं नाव सेकड्राइव्ह. एक्सपीत तो विंडोजसोबतच यायचा. २००७ मध्ये त्यात एक भोक सापडलं. एक्सपीवर मर्यादित खातं असलेला साधा माणूस त्या ड्रायव्हरमधून घुसून मशीनचे सर्वोच्च अधिकार मिळवू शकत होता. डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बुजवलं. पुढे जुलै २०१५ मध्ये विंडोज १० आलं त्यात हा ड्रायव्हर ठेवलाच नाही, आणि ८ सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटनं व्हिस्टा, ७, ८ आणि ८.१ वरही तो बंद करून टाकला. सुरक्षेच्या अंगानं पाहिलं तर निर्णय योग्यच होता. फक्त त्या दिवशी जगभरच्या कपाटांतल्या खऱ्या सीड्या एका फटक्यात मुक्या झाल्या, आणि त्यांच्या मालकांना कोणी घरी येऊन सांगितलं नाही.

आता त्या चौकटीतल्या वाक्याकडे पुन्हा पाहू. गेम विंडोजला म्हणतो, ड्रायव्हर चालू कर. विंडोज तो चालू करत नाही. एक्सपीच्या काळात ड्रायव्हर चालू न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खात्याला अधिकार नसणं. म्हणून लिहिणाऱ्यानं तोच निष्कर्ष चौकटीत छापून ठेवला असावा, असा माझा अंदाज. ड्रायव्हर अस्तित्वातच नसेल, ही शक्यता त्याच्या डोक्यात आली नसणार. गंमत अशी, की जो ड्रायव्हर नसल्यानं मला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन या’ असं सांगितलं जात होतं, त्याच ड्रायव्हरच्या भोकातून एके काळी कोणीही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊ शकत होता.

खातरजमा

अंदाज बरोबर वाटला म्हणून थांबलो नाही. दोन तासांची फजिती ताजी होती. लॅपटॉपच्या सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये सेकड्राइव्ह शोधला. नव्हता.

दुकानात विंडोज ७ चं एक मशीन आहे. एका जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी जपलेलं, इंटरनेट काढलेलं. त्यात सेकड्राइव्हची सेवा होती, पण २०१५ च्या अपडेटनं बंद केलेली. त्यावर गेम बसवला आणि आधी काहीही न बदलता उघडला. तीच चौकट, तेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वाक्य. मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ती सेवा हातानं चालू होईल अशी केली आणि सुरू केली. पहिली सीडी घातली, क्लिक केलं. ड्राइव्ह घरघरला, पाच-सात सेकंद गेले आणि गाड्यांचा आवाज दुकानभर झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, शेजारच्या मेडिकलवाल्यानं शटरवर थाप मारली. सेवा पुन्हा बंद केली, गेम पुन्हा उघडला. चौकट परत आली. पुन्हा चालू केली, गेम चालला. एकच गोष्ट बदलायची आणि फळ बदलतं का पाहायचं. दिवसा सहा गोष्टी एकदम बदलताना हे मला सुचलं नव्हतं.

काय करता येत होतं

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तो उत्साहात. त्यानं रात्रीत मोबाइलवर शोधून काढलं होतं की सेकड्राइव्हची फाइल कुठूनतरी उतरवून लॅपटॉपमध्ये टाकता येते, फक्त विंडोजला ‘टेस्ट मोड’मध्ये ठेवायचं आणि सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाची सह्यांची तपासणी, बंद करायचं.

हे मी केलं नाही, आणि इतरांनीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेस्ट मोड म्हणजे विश्वासार्ह सही नसलेला ड्रायव्हरही आत येऊ द्यायची परवानगी. सवाल फक्त एका जुन्या भोकाचा नाही, घराचं दारच काढून ठेवण्याचा आहे. त्याच लॅपटॉपवर त्याचं महाडीबीटीचं स्कॉलरशिपचं लॉगिन, वडिलांचं बँकेचं काम, घरादाराच्या आधारच्या पीडीएफ. एका शर्यतीसाठी एवढं पणाला लावायचं नसतं.

दुसरा मार्ग म्हणजे कुलूप तोडलेली एक्झी फाइल, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, जी गल्लीतल्या कुणाकडेही मिळते. कायदा इथे लोक समजतात तितका एकरंगी नाही. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ हे कलम आलं. हक्काचा भंग करायच्या हेतूनं असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण हेतूची अट आहे, आणि कायद्यानं मना न केलेल्या कारणासाठी केलेली गोष्ट त्या कलमात येत नाही असंही लिहिलंय. शिवाय कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला प्रोग्रॅम ज्या कामासाठी घेतला त्यासाठी वापरता यावा म्हणून, किंवा हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून, प्रत करता येते. मी वकील नाही. माझी अडचण साधी होती: ती फाइल ज्या ठिकाणांहून येते तिथे तिच्या पोटात आणखी काय आहे हे मला तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी टाकत नाही.

काही प्रकाशकांनी आपल्या गेमच्या शेवटच्या अधिकृत पॅचमध्ये, म्हणजे सुधारणेच्या फाइलीत, सीडीची तपासणीच काढून टाकली. हे नेहमी आधी पाहावं. या गेमच्या पॅचमध्ये तसं नव्हतं. काही जुने गेम जीओजीसारख्या ठिकाणी कुलपाशिवाय नव्यानं विकत मिळतात; हे पोलंडचं दुकान २००८ पासून त्याच धंद्यावर उभं आहे. हा गेम तिथे नव्हता. अलीकडे सेफडिस्कशिम नावाचं एक फुकट साधन निघालंय. ते ड्रायव्हर बसवत नाही. गेमनं ड्रायव्हरला विचारलेले प्रश्न मध्येच अडवून स्वतः उत्तरं देतं, आणि खरी सीडी ड्राइव्हमध्ये लागतेच. विचार म्हणून मला हे सर्वांत पटलं. पण माझ्या हाती ते हे प्रकरण मिटल्यावर आलं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी नोंद करून ठेवलंय.

मामाला फोन लावला तो या टप्प्यावर. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

“मंग नकली घेतली असती तं आज चालली असती का?”

चालली असती, मी म्हटलं. नकलीचं कुलूप विकणाऱ्यानं आधीच तोडलेलं असायचं, म्हणून तिला ड्रायव्हरची गरजच पडली नसती. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो हसला. “म्हंजे मेसचे पैसे गेलेच बाप्पा.”

काय केलं

बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासचं मशीन माझ्या माळ्यावर पडून होतं. कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, आत धड चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक्सपी. त्यातलं लॅन कार्ड बंद केलं, वायफाय त्यात नव्हतंच. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, त्यामुळे ते मशीन इंटरनेटला लावायचं नाही, अनोळखी पेनड्राइव्ह लावायचा नाही, बँकेचं काही करायचं नाही, हे कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवलं. दोन्ही सीड्या घातल्या. वीस मिनिटांत गेम बसला आणि पहिल्या क्लिकला उघडला. चौकट नाही, प्रश्न नाही.

डब्यातल्या बाकीच्या दोन गेमची तक्रारही ‘येत नाही’ हीच होती, पण कारणं वेगळी निघाली. एक नव्वदच्या दशकातला; त्याला कुलूप नव्हतंच, त्याचा सेटअप १६ बिटचा होता आणि ६४ बिटचं विंडोज असे प्रोग्रॅम चालवत नाही. तो एक्सपीवर निमूट बसला. दुसऱ्यावर सोनी डीएडीसीचं सिक्युरॉम नावाचं कुलूप होतं. डिस्क इम्युलेटरशी, म्हणजे खोटा ड्राइव्ह दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, संघर्ष आहे, असं तो म्हणत होता, आणि या वेळी चौकट खरं बोलत होती. इमेज लावून पाहावी म्हणून मुलानं व्हर्च्युअल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. ते काढून लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि तो गेम तिथेच चालला. सगळ्याच सिक्युरॉमवाल्या सीड्या इतक्या गरीब नसतात. नंतरच्या काही गेमना इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेशन लागायचं आणि तेही मोजून काही वेळाच मिळायचं. २००८ मध्ये ‘स्पोअर’ आला तेव्हा सुरुवातीला तीनच वेळा मिळत होतं, त्यावरून मोठा आरडाओरडा झाला होता.

मशीनची किंमत अठराशे सांगितली. मुलाकडे पाचशे होते. सोयाबीन निघायला अवकाश होता, आणि माझ्या दारात ई-पीक पाहणीचं अ‍ॅप चालेना म्हणून मोबाइल धरून उभ्या शेतकऱ्यांची रांग. “काऊन, आठ दिवस बसतं का इथं?” विचारलं. बसला. फोटो नीट कसा काढायचा, गट नंबर कसा निवडायचा हे तो म्हाताऱ्या माणसांना माझ्यापेक्षा शांतपणे समजावून सांगायचा. नवव्या दिवशी मशीन, मॉनिटर आणि बिस्किटाचा डबा ऑटोत घालून गावाकडे गेला.

रजिस्टरमध्ये नोंद अशी आहे: जुना संगणक १,८००, पैकी ५०० रोख, बाकी कामातून वळते. सीडी साफ करणे, हब लावून इन्स्टॉल करणे, व्हर्च्युअल ड्राइव्ह काढणे मिळून १५०. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यावर घालवलेले दोन तास, शून्य.